डॉनच्या आधी मुनीम

शिकागोच्या अल कपोनला शेवटी अडकवलं ते हिशेबाच्या वहीनं. सिसेरो गावातल्या त्याच्या जुगाराच्या अड्ड्यावर १९२०च्या दशकात धाड पडली, तेव्हा जप्त झालेल्या खातेवह्या सरकारी कपाटात तशाच पडून होत्या. आयकर खात्याच्या फ्रँक विल्सन यांनी पुढे त्या उघडल्या, वहीतलं अक्षर कोणाचं याचा माग काढत लेस्ली शमवे नावाच्या मुनिमाला गाठलं आणि साक्षीला उभं केलं. खुनांबद्दल ज्याच्यावर काहीही शाबीत होत नव्हतं, तो कपोन १७ ऑक्टोबर १९३१ रोजी कर चुकवल्याबद्दल दोषी ठरला. शिक्षा झाली ११ वर्षांची.

टोळ्यांवरच्या व्हिडिओ गेमची दोन घराणी आहेत. एका घराण्यात खेळणाऱ्याच्या हाती पिस्तूल आणि चोरलेली गाडी येते. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डीएमए डिझाइन कंपनीनं १९९७ साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ काढला, आणि २००२ च्या ‘व्हाइस सिटी’नं त्याला आपल्याकडच्या तालुक्याच्या सायबर कॅफेपर्यंत पोचवलं. दुसऱ्या घराण्यात हाती वही येते. माल किती, गाडी कोणती, गिऱ्हाईक कोण, हवालदाराला किती, वकिलाला किती. हे घराणं लहान आहे, त्याचा गाजावाजाही कमी. मला मात्र तेच जास्त खरं वाटत आलं आहे, आणि त्याचाच माग इथे काढायचा आहे.

निमित्त भाच्याचं. जालन्याच्या एमआयडीसीत तो अप्रेंटिस आहे आणि पहिल्यांदाच हातात स्वतःचं विद्यावेतन येतं आहे. त्यानं विचारलं, “मामा, ‘सिटी ऑफ गँगस्टर्स’ घेऊ का ‘एम्पायर ऑफ सिन’? दोन्ही सेलमध्ये आलेत.” त्याच्या आईचा प्रश्न निराळा होता. “दादा, हे त्या रमीसारखं तर नाही ना? आणि घ्यायचाच तर गुंडांचाच कशाला?” सोयरीक जमवताना माणसं आधी घराणं विचारतात. खेळाचंही घराणं विचारावं, म्हणजे या प्रश्नांची उत्तरं नीट देता येतात.

बहिणीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्यानं बंद केले. रमीची अॅपं त्यात गेली. आपण ज्याबद्दल बोलतो आहोत तो खेळ एकदा विकत घ्यायचा असतो, त्यात पैसे लावायचे नसतात आणि मिळतही नाहीत. खेळातली कमाई खेळातच राहते. तेवढ्यापुरती काळजी नको.

आता घराणं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत या घराण्याचा एक पूर्वज कपाटावर पडलेला असतो: व्यापार. कागदी नोटा, मुंबई-कलकत्त्याची कार्डं, दुसऱ्याच्या जागेवर सोंगटी पडली की भाडं. तो ज्या ‘मोनॉपली’वरून आला, त्याच्याही मागे एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंचा ‘लँडलॉर्ड्स गेम’ आहे. त्याचं पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाचं म्हणणं त्यांना पटलेलं होतं: जमीन अडवून बसणारा काही न करता श्रीमंत होतो आणि राबणारा भाडं भरत संपतो. हे लोकांना खेळून कळावं म्हणून त्यांनी पट आखला. खेळणाऱ्यांना मात्र जमीन अडवण्यातच गंमत वाटली. पार्कर ब्रदर्सनं १९३५ मध्ये मॅगीबाईंचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं आणि ‘मोनॉपली’ जगभर विकली. ज्या वृत्तीपासून सावध करायचं, तिचीच चटक लावणारा खेळ बनतो, हा प्रकार या घराण्यात पुढेही होत राहिला. गुंडांच्या खेळाबद्दल बहिणीला जी धास्ती वाटते तिचं मूळ इथे आहे, आणि ती धास्ती मी फेटाळणार नाही.

(आमची एमआयडीसी हासुद्धा एक पटच आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झालं. महामंडळ भूखंड विकत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देतं. जमीन शेवटी सार्वजनिक राहावी, ही मॅगीबाईंना आवडली असती अशी गोष्ट.)

हिशेबाचा हा खेळ पटावरून संगणकावर आणला तो एका शाळामास्तरणीनं. न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल अॅडिस यांनी १९६४ पासून आयबीएमच्या मदतीनं ‘द सुमेरियन गेम’ रचला. सहावीतलं पोर लगाश या प्राचीन नगरराज्याचं राजा व्हायचं, आणि टेलिटाइपवर मशीन त्याला विचारायचं: धान्य इतकं आलं, खायला किती देता, बियाण्याला किती ठेवता, कोठारात किती? चुकलं की माणसं उपाशी मरायची. बदरीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली तेही १९६४ मध्येच. बियाण्याला किती ठेवायचं, या प्रश्नावर ज्या गावाचं नाव झालं, त्या गावातल्या वाचकाला अॅडिसबाईंचा खेळ परका वाटू नये. त्यावरूनच पुढे १९६८ मध्ये ‘हमुराबी’ हा छोटा खेळ निघाला. डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत छापला आणि घरोघरच्या संगणकांवर लोक तो स्वतः टाइप करून घेऊ लागले. व्यवस्थापनाचे आजचे बहुतेक खेळ या कोठारातून बाहेर पडले आहेत.

राजाचा हिशेब व्यापाऱ्याकडे आला तो १९७४ च्या ‘स्टार ट्रेडर’मध्ये. ग्रहांमध्ये फिरायचं, स्वस्तात घ्यायचं, महागात विकायचं. तोच सांगाडा घेऊन आर्ट कॅनफिल यांनी ‘तायपान!’ लिहिला आणि तिथे घराण्यात पहिल्यांदा गुन्हा शिरला. तुम्ही एकोणिसाव्या शतकातले हाँगकाँगचे व्यापारी. जहाजात रेशीम, हत्यारं, किरकोळ माल आणि अफू. सगळ्यात जास्त नफा अफूत, आणि जप्तीची भीतीही तिच्यातच. सावकार व्याज चढवत असतो. ली युएन नावाचा समुद्री चाच्यांचा म्होरक्या मधूनच निरोप पाठवतो की समुद्रदेवीच्या देवळाला काही देणगी द्या. दिली तर त्याची गलबतं तुम्हाला सोडून देतात, नाही दिली तर तोफा. व्हिडिओ गेममधल्या खंडणीच्या सगळ्यांत जुन्या दाखल्यांपैकी हा एक, आणि तोही देवाच्या नावानं. महाराष्ट्रात दुकान चालवणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

‘तायपान!’मधली अफू आली कुठून, हे खेळ सांगत नाही. हिंदुस्थानातून. बंगालची अफू कलकत्त्याहून जायची आणि माळव्याची मुंबई बंदरातून. मुंबईचे व्यापारी जमशेटजी जिजीभॉय यांचा जार्डिन मॅथेसन कंपनीशी जो चीनचा व्यापार होता त्यात अफू होती, कापूस होता. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या धर्मादाय संस्थांत आजही मुंबईची माणसं बरी होतात, शिकतात. त्या काळी हा व्यापार इंग्रजांच्या कायद्यानं चोख होता आणि चिनी कायद्यानं गुन्हा. एकाच पेटीची एका बंदरात जकात भरली जाते आणि दुसऱ्या बंदरात ती जप्त होते. गुन्ह्याचं अर्थशास्त्र याच फटीत उगवतं, आणि गुंडांवरचा प्रत्येक चांगला हिशेबी खेळ याच फटीवर उभा असतो.

१९८४ मध्ये जॉन डेल यांनी शाळेच्या संगणक वर्गासाठी ‘ड्रग वॉर्स’ लिहिला. जहाजाच्या जागी न्यूयॉर्कच्या वस्त्या, रेशमाच्या जागी अमली पदार्थ, सावकार मात्र तोच. पडद्यावर चित्र जवळपास नाहीच, नुसते आकडे. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी तो पुढे कॅल्क्युलेटरवरही खेळला. मला हा खेळ आवडत नाही आणि कारण स्पष्ट सांगतो: त्यात गिऱ्हाईक दिसत नाही. माल विकला जातो, घेणाऱ्याचं काय झालं हा रकाना वहीत नाही. १९८६ च्या ‘द किंग ऑफ शिकागो’त चित्रं आणि कथा आली, कपोन तुरुंगात गेल्यावरचं शिकागो आलं, पण तो सिनेमासारखा पुढे सरकणारा खेळ होता. हिशेबाचं घराणं त्यानं फारसं वाढवलं नाही.

वहीला शिकागोच का मिळालं, आणि तिथेच खेळ बनवणारे पुन्हापुन्हा का परततात, हे समजायला दारूबंदी समजली पाहिजे. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० पासून ५ डिसेंबर १९३३ पर्यंत दारू करणं, विकणं, वाहून नेणं बेकायदा होतं. पिणं बेकायदा नव्हतं. मागणी जागेवर, पुरवठा गुन्हा. शिकागोचे जेना बंधू औद्योगिक अल्कोहोलचा रीतसर परवाना बाळगून होते आणि त्याच वेळी इटालियन वस्तीतल्या कुटुंबांना स्वयंपाकघरात भट्टी लावून देत होते. भट्टीवर नजर ठेवायचे दिवसाला १५ डॉलर मिळायचे, ही रक्कम त्या काळच्या मजुरीच्या कितीतरी पुढची. औषध म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची, म्हणून चिठ्ठ्यांचाही बाजार झाला. कच्चा माल, उत्पादन, बाटल्या, ट्रक, गोदाम, गिऱ्हाईक, कायद्याची फट: पुरवठासाखळीचा इतका आखीव नमुना खेळ रचणाऱ्याला आयता मिळाला. शिवाय १९३३ ला पडदा पडतो, म्हणजे खेळाला शेवटही आयताच.

इथे मराठी वाचकानं थांबावं, कारण यातलं काहीच आपल्याला नवं नाही. मुंबईत काँग्रेसच्या मंत्रिमंडळानं पहिली दारूबंदी १ ऑगस्ट १९३९ ला केली होती. मग आला १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्य कोरडं झालं. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायद्यातली काही कलमं रद्द केली, कायदा उरला. जालना तेव्हा या राज्यात नव्हतं. १९४८ पर्यंत निजामाचं, मग हैदराबाद राज्यातलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या दुरुस्तीनं हा कायदा आपल्याकडेही लागू झाला. मुंबईला जी फट नऊ वर्षं आधी मिळाली होती, ती मग मराठवाड्याच्या वस्त्यावस्त्यांतही पोचली.

त्या फटीत काय उगवलं? प्रकृतीच्या कारणावर मिळणारे परवाने आणि ते लिहून देणारे डॉक्टर. वांद्र्यापासून गिरगावापर्यंत घरातल्या खोलीत चार टेबलं मांडून दारू विकणाऱ्या आंट्या. माहीमच्या खाडीकाठच्या आणि धारावीतल्या हातभट्ट्या. गूळ, नवसागर, सडकी फळं. ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून लोकलनं जाणारा माल. वरदराजन मुदलियार व्हीटी स्टेशनवर हमाली करत होता. तो मोठा झाला तो याच धंद्यात. गोदीत हाजी मस्तान सोनं उतरवत होता, कारण सोनं नियंत्रणाचे १९६२ चे नियम आणि १९६८ चा कायदा यांनी सोन्याचं तेच केलं होतं जे १९४९ च्या कायद्यानं दारूचं केलं. १९९० मध्ये सोनं नियंत्रण कायदा गेला, आयात मोकळी होत गेली आणि सोन्याच्या तस्करीतला जुना नफा आटला. ज्यांना तस्करीत कमाई उरली नाही त्यांच्या टोळ्या बिल्डर आणि सिनेमावाल्यांच्या मागे लागल्या. संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांचा १२ ऑगस्ट १९९७ ला भर दिवसा झालेला खून मुंबईला अजून आठवतो.

जुगाराची गोष्ट तर जालन्याच्या आणखी जवळची, कारण ती कापसाची आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडणारे आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरनं मुंबईत यायचे आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१ मध्ये हे भाव येणं बंद झालं. आकडा तर हवा होता, मग तो मडक्यातून चिठ्ठी काढून बनवायला सुरुवात झाली. कल्याणजी भगत यांचा मटका १९६२ चा, रतन खत्रीचा १९६४ चा. ओपन आणि क्लोज हे शब्द कापूस बाजारातून आले आणि गिरणगावातल्या चाळीत, पुढे राज्यभरच्या पानटपऱ्यांवर मुक्कामाला राहिले. जालन्याची कापसाची पेठ जुनी आहे. ज्या कापसाचा भाव आमच्या पेठेत शेतकऱ्याचं वर्ष ठरवायचा, त्याच कापसाच्या परदेशी भावावर मुंबईत कोणीतरी पगार घालवत होतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की शिकागोचा खेळ समोर आला की मराठी माणसाला वाटतं, ही कुठली तरी दूरची, टोपी-सूटवाली दुनिया आहे. तसं नाही. नियम आपल्याला तोंडपाठ आहेत, फक्त शहराचं नाव बदललेलं आहे.

आता घराण्यातला थोरला: १९९८ चा ‘गँगस्टर्स: ऑर्गनाइझ्ड क्राइम’, हॉटहाउस क्रिएशन्सनं बनवलेला, आयडॉसनं विकलेला. न्यू टेम्परन्स नावाचं काल्पनिक शहर. आठवड्याच्या सुरुवातीला तुम्ही टेबलाशी बसून हुकूम लिहायचे: या माणसानं या गल्लीतल्या दुकानांकडून हप्ता सुरू करायचा, त्यानं पेढी उघडायची, याला वकील बघायचा. मग आठवडा सुरू होतो आणि तुमचे हुकूम तुमच्या डोळ्यांदेखत बिघडतात. माणूस पकडला जातो, दुकानदार पोलिसात जातो, शेजारची टोळी तुमच्या गल्लीत शिरते. आदेश देणारा आणि आदेश पाळणारा यांच्यातलं अंतर या खेळानं जितकं नीट दाखवलं तितकं नंतर कोणी दाखवलं नाही. मी सळईच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. सकाळी ठरवलेल्या गाड्या संध्याकाळपर्यंत कशा फिरतात हे रोज बघतो, म्हणून असेल, पण तो बिघाड मला फार पटतो. जिंकायचा एक मार्ग तर महापौर होण्याचा होता. खेळ आल्यावर काही वर्षांनी, २००४ मध्ये, दगडी चाळीचा डॉन अरुण गवळी चिंचपोकळीतून आमदार झाला. बनवणाऱ्यांना दगडी चाळ ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. वही नीट मांडली की वाट तिकडेच जाते.

या खेळानंतर बरीच वर्षं घराणं थंडावलं. २००८ च्या ‘माफिया वॉर्स’नं फेसबुकवर लाखोंना टोळीत भरती केलं, पण त्यात डोकं लावण्यासारखं थोडं आणि बटण दाबण्यासारखं फार होतं. २०१३ मध्ये बल्गेरियाच्या हेमिमाँट गेम्सनं ‘ओमर्टा: सिटी ऑफ गँगस्टर्स’ काढला, अटलांटिक सिटीवरचा. नावातल्या साधर्म्यानं लोक गोंधळतात. भाच्यानं ज्याचं नाव काढलं तो हा नव्हे.

‘एम्पायर ऑफ सिन’ १ डिसेंबर २०२० ला आला. ब्रेंडा रोमेरो आणि जॉन रोमेरो यांच्या आयर्लंडमधल्या स्टुडिओचा हा खेळ. १४ म्होरक्यांतून एक निवडायचा. त्यात कपोन आहे, न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आकड्यांचा जुगार चालवणारी स्टेफनी सेंट क्लेअर आहे, आणि एल्विरा दुआर्ते हे पात्र जॉन रोमेरोंच्या पणजीवरून घेतलेलं आहे. बायका या इतिहासात होत्या आणि त्या म्होरक्याच्या खुर्चीत दिसतात, हे मला मनापासून आवडलं. पण खेळ सारखा बंदुकीकडे ओढतो. दर थोड्या वेळानं टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीनं खेळायची, लढाई लागते, आडोसा धरायचा, नेम साधायचा. दारूचा धंदा त्यामागे पुसट होतो. वेश्यालय ही इमारतींपैकी एक इमारत आहे, तिच्यापुढे कमाईचा आकडा आहे आणि आतल्या बाईबद्दल वही गप्प आहे. इथे मला ‘ड्रग वॉर्स’ आठवतो. आला तेव्हा खेळात तांत्रिक दोषही पुष्कळ होते, त्यातले बरेच पुढच्या अपडेटांनी गेले.

‘सिटी ऑफ गँगस्टर्स’ ऑगस्ट २०२१ चा, सोमासिम या छोट्या अमेरिकन स्टुडिओचा. तोही टर्न-बेस्ड आणि दारूबंदीच्या काळातला. सुरुवात चिल्लर पैशांवर आणि मागच्या खोलीत. साखर मिळवायची, भट्टी लावायची, बाटल्या जमवायच्या, गाडी फिरवायची, कोणत्या गल्लीत कोणता माल खपतो ते बघायचं. खेळाचं खरं चलन मात्र पैसा नाही, उपकार आहे. दुकानदाराचं एखादं काम केलं की तो तुम्हाला त्याच्या चुलतभावाकडे धाडतो, चुलतभाऊ मेहुण्याकडे. आयरिश, इटालियन, पोलिश वस्त्या आहेत, प्रत्येकाची नाती आहेत. आणि एकाला मारलं की त्याचे नातेवाईक, मित्र, गिऱ्हाइकं सगळी तुमच्याकडे पाठ फिरवतात. हिंसेची किंमत वहीत चढते. ती पूर्ण किंमत आहे असं मी म्हणणार नाही, पण रकाना तरी आहे. साठ वर्षांच्या या घराण्यात तो रकाना इतका ठळक मी दुसरीकडे पाहिला नाही. दोष सांगायचे तर लढाई अगदी जुजबी आहे आणि साम्राज्य वाढलं की तीच ती कामं पुन्हापुन्हा करावी लागतात. खेळणाऱ्यांची ही तक्रार खरी आहे.

बहिणीचा दुसरा प्रश्न उरतो आणि तो मला सोपा वाटत नाही. गुंडांचाच कशाला? अमेरिकेत ही नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आपल्याकडे ती शेजारच्या जिल्ह्यातली आहे. बीडमधल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून खून झाला. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीच्या आड ते आले, असं तपास यंत्रणेचं आरोपपत्र म्हणतं. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. खेळात नकाशावरची दुकानं एकेक करून तुमच्या रंगात रंगतात तेव्हा बरं वाटतं. त्या प्रत्येक रंगलेल्या चौकोनात एक माणूस शटर उघडायच्या आधी रस्ता दोन्हीकडे बघून घेत असतो. मला वाटतं, जो हे जाणून खेळेल त्याला खेळ काही देईल. मॅगीबाईंचा खेळ जसा उलटा झाला तसा हाही होऊ शकतो, म्हणून खेळणाऱ्याचं वय आणि समज यांना महत्त्व आहे. भाचा सज्ञान आहे, कामावर जातो, पगाराच्या पावतीतली कपात वाचतो. शाळकरी पोरानं विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो आणि ‘व्यापार’ काढून दिला असता.

खरं तर मला दुसराच खेळ हवा आहे. १९५० पासूनची मुंबई. परवान्याची खिडकी, आंटीची खोली, खाडीतली भट्टी, ट्यूब घेऊन लोकलमध्ये चढणारी बाई, सोन्याच्या बिस्किटांचे खिसे शिवलेलं जाकीट, कापसाचा भाव घेऊन येणारा टेलिप्रिंटर, आणि १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला गिरण्यांचा संप, ज्याच्यानंतर गिरणगावातली कित्येक पोरं टोळ्यांना सापडली. त्यात दत्ता इस्वलकरांसारखी माणसंही हवीत, ज्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांच्या घरांसाठी लढा दिला आणि टोळीचा रस्ता धरला नाही. मुंबईवर पिस्तूल-गाडीचा खेळ बनवण्याचे प्रयत्न होत आहेत. हिशेबाचा खेळ मराठी माणसानं बनवावा, साहित्य सगळं आपल्याजवळ आहे: गॅझेटिअर, विधानसभेतल्या चर्चा, कोर्टाचे निकाल, गिरणी कामगारांच्या मुलाखती.

तो येईपर्यंत भाच्याला दिलेला सल्ला असा. ‘सिटी ऑफ गँगस्टर्स’ घे, ‘एम्पायर ऑफ सिन’ राहू दे. चोरीची फाइल नको. ज्या छोट्या स्टुडिओनं वही इतक्या काळजीनं मांडली त्याला त्याचे पैसे मिळू देत. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात किंमत रुपयांत दिसते, यूपीआयनं भरता येते. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मागता येतात, म्हणून पहिली बैठक सुट्टीच्या दिवशी दुपारी घाल आणि लॅपटॉप किती तापतो ते त्याच बैठकीत बघ. रात्रपाळीच्या आधी अजिबात बसू नकोस, “एकच टर्न” म्हणता म्हणता पहाट होते. मूळ खेळात शहरं तीन आहेत, शिकागो, डेट्रॉइट, पिट्सबर्ग. पिट्सबर्ग घे. ते पोलादाचं गाव आहे, भट्टीवरून उतरलेला मजूर संध्याकाळी कुठल्या दारानं दारूकडे वळतो हे तुला आपल्या फाट्यावर उभं राहून ठाऊक आहे. आणि पहिली भट्टी लागली की आईला पडद्यासमोर बसव, हिशेब तिला वाचून दाखव. साखरेचा भाव कुठे चुकला ते ती तुझ्या आधी सांगेल.